आधी उभं राहू द्या

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, फणी असायची. केसांची नव्हे, केस त्यांना फारसे नव्हतेच. ही फणी लाकडाची होती, वीतभर लांब, आणि तिच्या दातांमधली प्रत्येक फट शेजारच्या फटीपेक्षा केसभर रुंद होती. फटीखाली बारीक आकडे कोरलेले. कुठलीही पातळ वस्तू समोर आली की ते ती फणीत घालून बघत. लग्नपत्रिका, बिस्किट, आधार कार्ड, एकदा तर शेजारच्या हॉटेलातल्या डोशाची कडसुद्धा.

मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक मागून घेतलं. मला वाटलं, घरमालक वाचणारे दिसतात. त्यांनी पुस्तकाचं कव्हर एका फटीत सरकवलं, मग दुसऱ्या, आणि पुस्तक परत दिलं.

“पॉइंट तीन. पातळ हाय. आत काय हाय?”

“कविता.”

“मग चालतंय,” ते म्हणाले, आणि मला खोली मिळाली.

हे बिदरला लागून असलेल्या नौबादला. खाली त्यांचं लेझर कटिंगचं दुकान, वर माझी खोली. मी तेव्हा बिदरच्या एका डिग्री कॉलेजात मराठीचा गेस्ट लेक्चरर होतो, म्हणजे मला दरवर्षी नव्याने नोकरी लागायची आणि दरवर्षी सुटायची. दुकानात एक मशीन, एक संगणक आणि धूर ओढणारा एक मोठा पंखा होता. पंखा धूर खालून ओढायचा आणि माझ्या खिडकीत सोडायचा. माझ्या पुस्तकांना तेव्हा लागलेला जळक्या प्लायवूडचा वास अजून गेलेला नाही. नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या, गणपतीची मखरं, लग्नात वाटायच्या की-चेन असं सगळं तिथे व्हायचं. गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणत. मीही म्हणू लागलो. ते मला सर म्हणत, पण ते ज्या आवाजात गॅसवाल्यालाही सर म्हणत त्याच आवाजात.

“घास” हा त्यांचा शब्द. लेझर लाकूड कापतो म्हणजे एक रेघ जाळतो. रेघ केसाएवढी असते, पण असते. सहा मिलिमीटरची खाच काढायला सांगितली तर ती सहाची राहत नाही. कडा जळून जरा सैल होते आणि तीत बसवलेला तुकडा खुळखुळतो. या जळून गेलेल्या जागेला इंग्रजीत एक शब्द आहे. तो ते फक्त इंजिनियर गिऱ्हाईक आलं तर वापरत. एरवी घास.

“करवत घास घेते तसा ह्यो बी घेतोय. उजेड हाय म्हणून उपाशी असतोय व्हय? त्याचा घास आधी बाजूला काढून ठेवायचा, मग आपलं माप धरायचं.”

बाजारात सहाचं म्हणून येणारं प्लायवूड प्रत्यक्षात साडेपाचचं असतं, हेही त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. सांगताना त्यांना राग नव्हता. लोक उन्हाबद्दल बोलतात तसं ते बोलले. फणीत घातल्याशिवाय कुठलाही आकडा ते खरा मानत नसत. मी निम्मं आयुष्य पुस्तकं वाचून जो संशयीपणा कमावला होता तो या माणसाने वीतभर लाकडात बसवला होता. मला थोडं वाईट वाटे.

त्यांची दुसरी खोड अशी की ते वाक्य तोंडाने सुरू करत आणि हातांनी संपवत. गिऱ्हाईक विचारायचं, “अण्णा, पाटी कधी देता?” ते म्हणायचे, “उद्या दुपारी या, म्हणजे…” आणि मग दोन्ही हातांनी काहीतरी गुंडाळल्यासारखं, काहीतरी पालथं घातल्यासारखं करायचे. वाक्य संपलेलं असायचं. गिऱ्हाईक उभंच. फोनवर बोलतानाही हेच. पलीकडच्या माणसाला अर्धं वाक्य मिळायचं आणि उरलेलं दुकानातल्या भिंतीला.

“कामून हसायलाव सर?” एकदा त्यांनी मला पकडलं. “मी आधी हातानं बोलायला शिकलो, तोंडानं मागनं. म्हणून तोंड जरा कच्चं राहिलं.”

हे शब्दशः खरं होतं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन हिंडत. दिवाळी झाली की बिऱ्हाड निघायचं ते मिरगाला परत. त्यांची थोरली बहीण, अक्का, जन्मापासून बहिरी. तिला ऐकू येत नव्हतं म्हणून बोलणंही आलं नाही. ती सात वर्षांनी मोठी. आई-वडील कळपापुढे, अक्का कळपामागे आणि अण्णा अक्काच्या कमरेवर. दिवसभर तिच्याशीच बोलायचं, तर हातांनीच बोलायला हवं. पाणी, कुत्रं, लंगडी मेंढी, भूक, गप बस, ते बघ. दोघांनी सगळे शब्द आपले आपण केले. कुठल्याही शाळेत ते शिकवत नाहीत. आईला ते येत होते. आई गेल्यावर ही भाषा बोलणारी जगात दोन माणसं उरली. मी जी भाषा शिकवत होतो ती बोलणारे कोट्यवधी, आणि माझ्या वर्गात नऊ जण बसायचे. त्यांच्या भाषेत दोनच माणसं आणि रोज शंभर टक्के हजेरी.

रोज सकाळी साडेसातला ती हजेरी लागायची. अक्का चिटगुप्प्याजवळच्या एका वाडीत मुलाकडे राहायची. अण्णांनी तिला मोठ्या पडद्याचा फोन दिला होता. घंटी तिला ऐकू यायची नाही, म्हणून वेळ ठरलेली. साडेसातला ती फोन हातात घेऊन बसायची. खाली मशीन बंद व्हायचं, पंखा बंद व्हायचा, आणि माझ्या खोलीत एकदम शांतता पसरायची. बाकीच्या घरांत शांतता म्हणजे कुणी बोलत नाही. आमच्या घरात साडेसातची शांतता म्हणजे बोलणं जोरात चालू आहे.

या व्यवस्थेत एक खोट होती आणि ती अण्णांसारख्या मापाच्या माणसाला दोन वर्षं दिसली नाही. अक्का फोन ज्वारीच्या डब्याला टेकवून ठेवायची, तो सरकायचा, आणि अण्णांना छताचा पत्रा दिसायचा. मग ती कंटाळून फोन डाव्या हातात धरायची आणि उजव्या हाताने बोलायची. म्हणजे अर्ध्या हातांनी. बरेचसे शब्द एका हाताचे होते किंवा एका हातावर भागायचे. सगळे भागत नव्हते.

अक्काच्या परसात एक कडुनिंब होता. तिच्या सासऱ्यांनी लावलेला, तिचं लग्न झालं तेव्हा तिच्या खांद्याएवढा. भाच्याने, म्हणजे अक्काच्या मुलाने, माल वाहायची छोटी गाडी घेतली होती, तिला शेड बांधायचं होतं आणि झाड मध्ये येत होतं. भाच्याला आईचं बोलणं भाकरी, पाणी, औषध एवढंच नीट कळायचं. मोठी गोष्ट असली की मामाला मध्ये घ्यायचं, हे घरात ठरलेलं. त्याने फोन केला, “मामा, आईला इचारा, झाड काढू का?”

अण्णांनी दुसऱ्या दिवशी साडेसातला विचारलं. अक्काच्या डाव्या हातात फोन होता.

त्यांच्या भाषेत “काप” म्हणजे उजव्या तळहाताची कड छातीसमोरून आडवी ओढायची. “नको” म्हणजे दोन्ही हातांच्या कडा दोन्ही बाजूंनी आणून एकमेकींवरून ओढायच्या, फुलीसारख्या. अक्का म्हणाली, नको. पडद्यावर उजवा हात आडवा गेला. डावा हात फोनच्या मागे होता.

अण्णांनी भाच्याला सांगितलं, “आई व्हय म्हणली.”

अक्का दोन दिवसांसाठी बसवकल्याणला कुणाच्या बारशाला गेली होती. परत आली तेव्हा परसात बुंधा होता आणि शेडचे खांब उभे राहायला लागले होते. तिने त्याच वेळी फोन लावला; साडेसात वाजले नव्हते, तरी. अण्णांनी उचलला. तिने उजव्या हाताची दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांवर ठेवली, मग हात झटकून खाली टाकला. आणि फोन पालथा घातला.

“अक्का मला आंधळा म्हणली,” ते दुपारी मला म्हणाले. मशीन बंदच होतं. “बहिऱ्या बाईनं मला आंधळा म्हणलं सर. आन बरोबर म्हणलं.”

मी शिकल्या-सवरलेल्या माणसाप्रमाणे म्हणालो की चूक फोनची होती, गैरसमज होतात, वगैरे.

“आयुष्यभर लोकांना सांगायलोय, घास धरा, घास धरा. त्या फोननं तिचा एक हात खाल्ला. ती जागा मी धरायला नको होती? मी नुसतं जे दिसलं ते माप धरलं.”

ते वाडीला जाऊन आले. हातांच्या भाषेत अबोला धरणं फार सोपं असतं. नुसती पाठ फिरवायची. तिने ती फिरवली आणि तीन तास फिरवून ठेवली. ते परत आले ते भाच्याच्या गाडीतून, कडुनिंबाच्या चार फळ्या घेऊन. त्या त्यांनी जिन्यावर, माझ्या दारासमोर, मध्ये काड्या घालून रचल्या.

“हिथं वारा हाय,” ते म्हणाले. “वलं लाकूड खोटं बोलतंय. वाळू दे.”

पुढचे चार महिने मी कॉलेजला जाताना कडुनिंब ओलांडून गेलो.

रोज साडेसातला खाली मशीन थांबायचं. अण्णा फोन लावायचे, दोन्ही हात मोकळे ठेवून समोर बसायचे. तिकडे अक्काचा फोन कोनाड्यात पालथा पडून थरथरायचा आणि थांबायचा. शांतता पूर्वीइतकीच होती. फक्त तिच्यात आता कुणी बोलत नव्हतं.

त्यांचा हिशेब सरळ होता. अक्का रागावली आहे हे खरं, पण ती गप्प आहे त्याचं कारण राग नाही. “तिला वाटायलंय, बोलून काय उपेग? ह्यो अर्धंच ऐकतोय. तिला आधी पुरं बोलता आलं पायजे. मग शिव्या देऊ दे, नायतर काय बी करू दे.” म्हणून फोन ठेवायचा स्टँड. मोबाइलचे स्टँड चौकात टोपलीत मिळतात, प्लास्टिकचे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी एक आणून मला दिला. “ह्याच्यावर तुमचा फोन ठेवा आन खाली बसून मला फोन लावा. खुर्चीवर न्हाई. जमिनीवर.”

मी वर जमिनीवर बसलो, ते खाली दुकानात.

“काय दिसायलंय?” मी विचारलं.

“तुमची हनुवटी. आन पंखा.”

आमच्याकडची सगळी वडीलधारी माणसं व्हिडिओ कॉलवर कपाळ आणि पंखा दाखवतात, त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं. बाजारातले स्टँड टेबलावर ठेवायला आणि चेहरा दाखवायला केलेले असतात. अक्का पाटावर बसणार, आणि तिचा चेहरा दिसून भागणार नव्हतं. कमरेपासून डोक्यापर्यंत आणि दोन्ही बाजूंना कोपर पसरतील एवढी जागा दिसायला हवी होती. म्हणजे स्टँड उंच हवा. उंच झाला की डगमगतो. डगमगू नये म्हणून बूड रुंद करावं तर दारात पायात येतो.

ते संगणकावर रेघा काढत. लाल रेघ म्हणजे काप, काळी रेघ म्हणजे कोर. मशीनला रंग कळतो, शब्द कळत नाहीत. खिळा नाही, डिंक नाही. दोन उभे तुकडे एकमेकांच्या खाचेत फुलीसारखे अडकायचे आणि त्यांच्या खांद्यावर फोन बसायचा. आधी पुठ्ठ्याचा करायचे, मग प्लायवूडचा. प्रत्येक नमुन्याला मी वर जमिनीवर बसून हात हलवायचो आणि ते खालून ओरडायचे, “डावा कोपर गेला! डावा कोपर गेला!” एकदा माझे सहकारी खोलीवर आले होते. मी जमिनीवर बसून लाकडाच्या तुकड्यापुढे दोन्ही हात पसरतोय आणि खालून कुणीतरी कोपराच्या नावाने ओरडतंय, हे त्यांनी बघितलं. त्यांनी कॉलेजात काय सांगितलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण मुलं माझ्याशी जरा जपून वागू लागली.

घंटीचा प्रश्न त्यांनी सगळ्यात शेवटी सोडवला. स्टँडच्या बुडातून एक लांब चपटी जीभ पुढे काढली. ती अक्काच्या पाटाच्या कोपऱ्याखाली सरकवायची. फोन थरथरला की लाकूड थरथरणार, लाकूड थरथरलं की पाट, आणि पाटावर बसलेल्या माणसाला कळणार. त्यांनी ते माझ्यावर करून बघितलं. मी पाटावर बसून पेपर तपासत होतो आणि खालून त्यांनी फोन लावला. मी दचकून उठलो.

“कळालं?”

“कळलं.”

“झालं तर मग.”

याच दिवसांत आमच्या कॉलेजला पन्नास वर्षं पूर्ण झाली. प्राचार्यांनी समारंभासाठी स्मृतिचिन्ह म्हणून लाकडी फोन स्टँड द्यायचं ठरवलं. कल्पना माझ्यामुळे त्यांच्यापर्यंत पोचली होती. मी अण्णांना काम मिळावं म्हणून बोललो होतो. प्राचार्य स्वतः दुकानात आले. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःचं नाव एकट्याने कुठे जाऊ द्यायचा नाही. पुढे दोन पदव्या आणि मागे तीन पदं बरोबर असायची. त्यांनी आधी समारंभाची पत्रिका अण्णांना दिली. अण्णांनी ती फणीत घातली.

“पॉइंट आठ. लई जाड हाय.”

“खास कागद आहे,” प्राचार्य खूश होऊन म्हणाले.

“व्हय. मजकूर कमी असला की कागद जाड लागतोय.”

मी भिंतीकडे बघितलं.

प्राचार्यांना स्टँडच्या पाठीवर कॉलेजचं बोधचिन्ह हवं होतं, खाली ब्रीदवाक्य, त्याखाली प्रमुख पाहुण्यांचं नाव आणि त्याखाली स्वतःचं, पदव्यांसह. अण्णांनी तसा नमुना करून दाखवला. प्राचार्यांनी आपला फोन त्यावर ठेवला. त्यांचा चेहरा पडला.

“अहो, फोन ठेवल्यावर नाव झाकून जातंय!”

“फोन काढल्यावर दिसतंय की.”

“पण लोक फोन ठेवायलाच वापरणार ना?”

“व्हय की. मी बी तेच म्हणायलो.”

मग असं ठरलं की नाव फोनच्या समोर यावं. म्हणजे फोन अडवणारा पुढचा ओठ उंच करायचा आणि त्यावर उठावाची अक्षरं बसवायची. “पदव्या सगळ्या घ्या,” प्राचार्य म्हणाले. अण्णांनी घेतल्या. चार दिवसांनी मी तो नमुना घेऊन प्राचार्यांच्या दालनात गेलो, अण्णाही आले. समारंभ समितीचे सगळे सदस्य होते. प्राचार्यांनी फोन ठेवला. चार्जरची वायर लावायला गेले तर वायरीच्या भोकासमोर त्यांची एम.फिल. आली. त्यांनी जरा जोर लावला. सगळं वजन पुढे, पदव्यांवर होतं. स्टँड वाकला, सावकाश नमस्कार केल्यासारखा, आणि फोन त्यांच्या चहाच्या बशीत गेला.

कुणी हसलं नाही. सुवर्णमहोत्सवात माणसं हसत नाहीत. अण्णांनी फोन बशीतून काढला, शर्टाला पुसला आणि परत दिला.

“सर, आधी उभं राहू द्या,” ते म्हणाले. “मग नाव लिवू.”

हे वाक्य ते सगळ्यांना म्हणत. मखरवाल्यांना, ट्रॉफीवाल्यांना, स्वतःला. त्यात टोमणा नव्हता. पण दालनात ते तसं ऐकलं गेलं. काम हैदराबादला गेलं आणि पाहुण्यांना शेवटी भिंतीवरची घड्याळं मिळाली, ज्यांच्या तबकडीवर बारा वाजल्याच्या जागी प्राचार्यांचा फोटो होता. पुढच्या वर्षीच्या गेस्ट लेक्चररांच्या यादीत माझं नाव नव्हतं. त्याचा स्टँडशी काही संबंध नाही, असं मला मी विचारलं नसताना सांगण्यात आलं.

अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी जिन्यावर जाऊन एका फळीवर नख ओढून बघितलं. मग म्हणाले, “जायच्या आधी एक रविवार मला द्या.”

फळ्या वाळल्या होत्या. त्यांनी एक तुकडा फणीत घातला, वास घेतला, दुसरा घातला. रंधा मारून सगळ्या एका जाडीच्या केल्या, धुराचे डाग पडू नयेत म्हणून वर कागदी चिकटपट्टी लावली आणि मशीन सुरू केलं. प्लायवूडचा धूर मला सवयीचा होता. कडुनिंबाचा वेगळा होता. वर खिडकीत बसून माझे डोळे पाणावले आणि जीभ कडू झाली.

मी खाली जाऊन विचारलं, “तिच्याच झाडाचं लाकूड तिच्यापुढे ठेवणार? जखमेवर मीठ नाही का ते?”

“दुसरं लाकूड नेलं तर इचारल की, माझं झाड कुठं गेलं.” तुकडे हातात घेऊन त्यांनी खाच लावली. टक् असा आवाज झाला. त्यांनी उलटं धरून हलवलं. पडलं नाही. “घास धरलाय,” ते म्हणाले. सगळीकडे कोरं होतं. नाव नाही, फूल नाही. मी म्हटलं, निदान अक्काचं नाव तरी.

“तिचं नाव अक्षरात न्हाई. हितं हाय.” त्यांनी दोन बोटं गालावरून खाली ओढली. “केस मधी यायचे तिच्या, वारं सुटलं की.”

रविवारी आम्ही वाडीला गेलो. अक्का ओसरीत पाटावर बसून सुपात ज्वारी निवडत होती. अंगाने अण्णांसारखीच, काटक, आणि नजर अशी की आपण दारातून आत येण्याआधीच तिने आपल्याला मोजलेलं असतं. माझ्याकडे बघून मान हलवली. भावाकडे बघून पाठ फिरवली, सुपासकट.

अण्णा तिच्या पाठीमागे उकिडवे बसले. पिशवीतून तुकडे काढले, खाचा जोडल्या. ती जीभ तिच्या पाठीमागून, पाटाच्या कोपऱ्याखाली हळूच सरकवली. कोनाड्यातला फोन घेतला, पुसला, स्टँडवर ठेवला. आणि मागच्या दाराने परसात गेले.

मी ओसरीत पाहुण्यासारखा बसलो. सुनेने चहा दिला. माझ्या जागेवरून मला अक्का दिसत होती, आणि मागच्या दारातून अण्णाही दिसत होते. ते शेडच्या बाजूला, कडुनिंबाच्या बुंध्यापाशी उभे राहिले, समोरच्या दगडी कठड्यावर स्वतःचा फोन टेकवला आणि फोन लावला.

अक्काचा हात सुपात थांबला. तिने आधी पाटाखाली बघितलं, मुंग्या आहेत की काय म्हणून. मग बसल्या जागी वळली. फोन थरथरत होता. तिने हात पुढे केला तो फोनकडे नाही, लाकडाकडे. नखाने कड खरवडली, बोट नाकाशी नेलं.

मला वाटलं, आता ही सगळं उचलून परसात फेकणार. सुनेलाही तसंच वाटलं असावं; ती कपबशी घ्यायला पुढे झाली होती ती तिथेच थांबली.

अक्काने हिरवं बटण दाबलं. पडद्यावर भाऊ उभा होता, आणि त्याच्या मागे जिथे झाड असायचं तिथल्या नुसत्या आभाळाकडे ती बघत राहिली. सवयीने डावा हात फोन धरायला गेला. धरायला काही नव्हतं. फोन उभा होता. तो हात क्षणभर हवेत राहिला. मग तिने दोन्ही हात वर उचलले.

मला त्यांच्या भाषेतले तीनच शब्द येत होते, पण पहिला त्यातलाच निघाला. दोन्ही हातांच्या कडा दोन्ही बाजूंनी आल्या आणि एकमेकींवरून गेल्या. नको. लहान पोराला शिकवावं तसं, सावकाश, मोठं. नको. परसात बुंध्यापाशी अण्णांनी हात उचलले आणि तिच्या पाठोपाठ तसंच केलं. तिने तिसऱ्यांदा केलं. त्यांनी तिसऱ्यांदा केलं.

मग ती सुटली. एवढ्या वेगाने हात चालताना मी कधी बघितले नव्हते. हात छातीवर, कपाळावर, छताकडे, शेडकडे, परत भावाच्या तोंडावर. सुपातली ज्वारी उडाली. सून माझ्याजवळ सरकून म्हणाली, “सर, जरा मागं बसा. हात लागंल. चार महिन्याचं काढायल्यात.”

“रोज अशाच बोलतात?”

“न्हाई वो. इतक्या दिवसांत फोनवर दोन हातानं बोलल्यालं मी बी आजच बघायले.”

चहा दोनदा झाला. अण्णा उन्हात उभे होते आणि मधूनमधून मान हलवत होते. बोलायची पाळी त्यांच्यावर फारशी आली नाही. शेवटी ते आत आले तेव्हा अक्काने पाठ फिरवली नाही. तिने स्टँडला बोटाने ढकलून बघितलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. तो हलला नाही. तिने काहीतरी छोटंसं म्हटलं आणि सूप उचलून पुन्हा निवडायला लागली.

परतीची बस भरलेली होती. बायकांचा प्रवास फुकट झाल्यापासून आमच्याकडे बाया बसतात आणि बाप्ये दांडा धरून उभे राहतात. इतिहासात कधीतरी हे व्हायलाच हवं होतं. आम्ही मधल्या जागेत उभे होतो. बिदर जवळ यायला लागलं होतं.

“शेवटी काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“जीभ दोन बोटं लांब झालीया म्हणली. सुनेच्या पायात येईल.”

“आणि त्याआधी? एवढा वेळ?”

“त्याच्या आधी… पहिल्यांदा तर म्हणली…” त्यांनी आठवून बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग दांडा सोडला आणि दोन्ही हातांनी सांगायला लागले. सासऱ्यांनी झाड लावलं ते, तिच्या खांद्याएवढं होतं ते, आणि पुढचं मला न कळणारं सगळं.

कंडक्टर गर्दीतून आला. दोन तिकिटं फाडून त्याने त्यांच्यापुढे धरली. अण्णांनी मान पुढे करून ती दातांत धरली आणि हात तसेच चालू ठेवले. बस वळणावर कलली, ते एका म्हाताऱ्याच्या पिशवीवर गेले, सावरले, परत सुरू झाले.

“अण्णा, पकडके ठैरो ना!” कंडक्टर ओरडला. “गिर जाएंगे!”

“हात रिकामे न्हाईत,” ते म्हणाले. दातांत तिकिटं असल्यामुळे त्याला ते ऐकू गेलं नसावं.